आंधळ्याच्या हाती शास्त्र

शास्त्रपाठ : मार्क 10:46–52

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमयास लोकांकडून भीक मिळे. तो ओरडू लागला तेव्हा गप्प राहण्याची ताकीदही मिळाली. प्रभूने त्यास जवळ बोलाविले आणि त्याचे आंधळेपण उघड दिसत असताही, तुझ्यासाठी काय करावे, असे त्यालाच विचारले. आपल्या मंडळ्यांत आंधळ्या भावास नाताळी धोतर मिळते, बहिणीस लुगडे मिळते. हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

केडगावी तो विचारला गेला. 1896–97 व 1899–1900 च्या दुष्काळांनंतर पंडिता रमाबाईंच्या आश्रयास शेकडो मुली आल्या. त्यांत काही आंधळ्या होत्या. त्यांस अन्नवस्त्र देऊन काम संपले असे रमाबाईंनी मानिले नाही. त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या व ती त्यांनी ह्या मुलींस शिकविली. ह्याच मनोरमाबाई 1921 साली आपल्या मिरजेस प्रभूकडे गेल्या. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलार्ड ह्यांनी 1900 साली अंधशाळा काढिली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा झाली.

ही लिपी कशी असते, हे उपदेशकांस ठाऊक असावे. लुई ब्रेल तीन वर्षांचा असता, चामड्याचे खोगीरसामान करणाऱ्या बापाच्या आरीने त्याचा डोळा फुटला व पुढे दुसराही गेला. त्याच आरीसारख्या टोचणीने आज आंधळे लिहितात! सहा टिंबांच्या एका घरातून 63 खुणा होतात. कागद पाटीत धरून उजवीकडून डावीकडे टोचावयाचे. तो उलटला की उठाव डावीकडून उजवीकडे बोटाने वाचता येतो. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये क आधी व इ नंतर, जसे आपण बोलतो तसे. पूर्वी संस्थोसंस्थी निराळ्या पद्धती होत्या. 1951 साली सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली. ही पुस्तके फार जाड असतात. इंग्रजी ब्रेल बायबलाचेच सुमारे 40 खंड होतात. म्हणून आरंभी एकच शुभवर्तमान मिळवावे.

आता मोबाइलवर शास्त्र ऐकता येते, हे उत्तमच. पण उपासनेत पाठ वाचण्याची पाळी आली असता यंत्र आंधळ्याच्या जागी उभे राहू शकत नाही.

महाबळेश्वरी भावेश भाटिया ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी मेणबत्त्यांचा धंदा उभारून अनेक दृष्टिहीनांस कामास लाविले. ते मिशनचे कार्य नव्हे. तरी तेथे आंधळा मनुष्य दाराशी बसत नाही, सोबत्यांत बसून काम करितो. आपल्या मंदिरात त्याची जागा कोठे असते, हे पाहावे.

वृद्धाच्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर ब्रेल नको, त्यास आधी इस्पितळात न्यावे. आंधळे लेकरू घरी न ठेवता शाळेत पाठवावे. नांगराने घट्टे पडलेल्या बोटांस टिंबे लवकर कळत नाहीत. अशा भावाकडे आठवड्यातून एकदा कोणी वाचावयास जावे, आणि पुस्तक उघडण्यापूर्वी कोणता अध्याय हवा, हे त्यासच विचारावे.