विंग चुनमध्ये इतके सावकाश हात का हलवतात?

प्रश्न : ‘इप मॅन’ चित्रपट पाहून मुलाने विंग चुनच्या वर्गात नाव घातले. तिथे मुले गुडघे वाकवून एका जागी उभी राहतात आणि हात इतके सावकाश पुढे नेतात की बघणारा कंटाळून जातो. लाथ नाही, उडी नाही, पाऊलसुद्धा हलत नाही. यातून तो लढायला कसा शिकणार? आणि एवढेच करायचे तर व्हिडिओ बघून घरी का करू नये?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा मुलगा करतो आहे तो ‘सिउ निम ताउ’, विंग चुनच्या रिकाम्या हातांच्या तीन फॉर्मांपैकी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या संचांपैकी, पहिला. ही शैली दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातली. फोशान शहरात ती रुजली आणि तिथल्याच इप मॅन (1893–1972) यांनी 1950 पासून हाँगकाँगमध्ये तिचे वर्ग घेतले. त्यांचे तिथले सुरुवातीचे विद्यार्थी हॉटेल कामगारांच्या संघटनेतले होते. ब्रूस ली पुढे काही वर्षांनी आला.

फॉर्म म्हणजे काल्पनिक शत्रूंशी केलेली लढाई, असे आपण धरून चालतो. काही शैलींत ते बरेचसे खरेही आहे. सिउ निम ताउमध्ये मात्र शत्रू नाहीच. तिथे शिकायचे असते ते कोपर कुठे ठेवायचे हे.

सुरुवातीला पावले जुळलेली असतात. आधी चवडे, मग टाचा बाहेर फिरवून पाय फाकवायचे; पायांची बोटे किंचित आत, गुडघे वाकलेले. मग हातांची फुली आधी खाली, नंतर वर. या फुलीने शरीराची मध्यरेषा ठरते आणि पुढचे सगळे त्या रेषेशी बांधलेले असते. त्यानंतर येतो तुम्हाला कंटाळवाणा वाटलेला भाग. तळवा वर ठेवून हात छातीसमोरून पुढे जातो, मनगट गोल फिरते, बोटे उभी होतात आणि हात तितक्याच सावकाश मागे येतो. पुढे मनगट वाकवून तेच पुन्हा, तीनदा. आधी डावा हात, मग उजवा. जुने लोक या भागाला ‘बुद्धाला तीन नमस्कार’ म्हणतात.

हे चालू असताना कोपर बाहेर जाऊ द्यायचे नाही. तुम्ही स्वतः करून पाहा. हात थोडा पुढे गेला की खांदा उचलला जातो, दंड ताठतो, कोपर बाहेर निसटते. झटक्यात हात फेकला तर यातले काहीच कळत नाही, म्हणून तो सावकाश न्यायचा. कोपर बाहेर असताना कोणी मनगट दाबले तर सगळा भार एकट्या खांद्यावर येतो आणि हात कोसळतो. कोपर छातीसमोर असले तर तोच दाब धडातून पायांपर्यंत उतरतो. शिवाय असा हात वार अडवता अडवताच सरळ रेषेत ठोसाही मारू शकतो. अंगाने किरकोळ माणसाला या शैलीत जी काही संधी मिळते ती इथून मिळते, असे मला अगदी मनापासून वाटते. गवई पहाटे खर्ज लावतो तेव्हा त्याच्यासमोर श्रोते नसतात. तुमच्या मुलाचा हा काळ त्याच जातीचा आहे.

पाय स्थिर ठेवायचे तेही लक्ष कोपरावर राहावे यासाठीच. वळणे, पावले आणि लाथा दुसऱ्या फॉर्ममध्ये, चुम किउमध्ये येतात. तिसरा बिउ जी. त्यात बोटांचे आणि कोपराचे वार आहेत आणि मध्यरेषा हातची गेली तर ती परत कशी मिळवायची हे आहे. पूर्वी तो निवडक शिष्यांनाच शिकवत.

लांबलचक फॉर्म हाच एक रस्ता, असे मात्र समजू नका. फोशानचे वैद्य लिउंग जान हे इप मॅन यांच्या गुरूंचे गुरू. उतारवयात ते आपल्या गुलाउ गावी परतले आणि तिथे त्यांनी सुटे-सुटे छोटे डावच शिकवले, असे परंपरा सांगते. गुलाउची ती शाखा आजही आहे. म्हणजे फॉर्म साधन आहे. तो किती हालचालींचा, यावरून भांडणारे शिष्य आपला वेळ घालवतात.

आता व्हिडिओचे. 1972 साली, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, इप मॅन यांचे घरी चित्रीकरण झाले. त्यात ते पहिले दोन फॉर्म आणि लाकडी पुतळ्यावरचा सराव करून दाखवतात. आजारी, कृश शरीर, पण कोपर कुठेही सुटत नाही; मुलाला ते जरूर दाखवा. हालचालींचा क्रम त्यावरून पाठ होईल. पण कोपर खरोखर जागेवर आहे की नुसते दिसते आहे, हे दुसऱ्याने हातावर जोर दिल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी ‘चि साउ’ असते. दोघे समोरासमोर मनगटाला मनगट लावून हात फिरवत राहतात आणि समोरच्याचा दाब जिथे ढिला पडेल तिथून आत शिरतात. फॉर्ममधली प्रत्येक चूक इथे लगेच उघडी पडते. पडद्यासमोर एकट्याने हे होत नाही.

घरी सराव करायला हरकत नाही. गुडघे मात्र जोर लावून आत दाबू नयेत. दुखले तर लगेच थांबावे. आणि गुरूंना एक विचारा, वर्गात चि साउ कधी सुरू होते? वर्ष उलटल्यावरही मुले नुसती हवेतच हात फिरवत असतील, तर दुसरा वर्ग बघा.