कोकणची दमट हवा आणि डोक्यावरचे केस

मे महिना जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उष्माघात, घामोळे, लग्नातले शिळे जेवण हे नेहमीचे झालेच. पण यंदा पंधरा दिवसांत चार पत्रे केसांविषयी आली. चारही भगिनींची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कोकणात जाणे होते. कुणाचे माहेर तिकडे, कुणाचे कुलदैवत. आठ-दहा दिवसांत केस चिकट होतात, पिंजारतात, डोक्याला वास येतो, खाज सुटते आणि परत आल्यावर मुलींच्या डोक्यात उवा सापडतात. "तिकडचे पाणी आम्हाला मानवत नाही," असा निष्कर्ष चौघींनीही काढला आहे.

वाचकहो, यात पाण्याचा दोष नाही. दोष असलाच तर हवेचा, आणि त्याहून अधिक आपल्या सवयीचा. सोलापूर-पंढरपूरच्या कोरड्या हवेत केसांची जी निगा चालते, तीच आपण समुद्रकाठीही चालवू पाहतो.

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. रत्नागिरीत तो ३३-३४ अंशांच्या पुढे सहसा जात नाही. तरीही रत्नागिरीच्या स्टँडवर उतरलेला सोलापूरकर तासाभरात हैराण होतो. याचे कारण हवेतली आर्द्रता. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती शेकडा २५ च्या आसपास असते, तर रत्नागिरीला ७० च्या आसपास. हवेत आधीच एवढी वाफ असल्यावर तिने आपला घाम शोषायचा कसा? इकडे दोरीवर टाकलेले धोतर अर्ध्या-पाऊण तासात कडक वाळते. तिकडे तेच दुपारपर्यंत दमट लागते. केसांचेही अगदी तसेच समजावे. डोक्याच्या कातडीवर घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी दाटीने असतात, वर केसांचे छप्पर असते. हाताचा घाम निदान पुसता तरी येतो, डोक्याचा आत मुरून राहतो.

केस पिंजारतात हा मात्र रोग नव्हे. केस स्वतःच हवेतले पाणी पितो. त्याचा हा गुण इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाचा केस ताणून बसवून हवेची आर्द्रता मोजणारे यंत्र बनवले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेल्यास केसाची लांबी शेकडा दोन-अडीचने वाढते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातले धागे एकमेकांना ज्या नाजूक बंधांनी धरून असतात ते पाण्याने सुटतात आणि भलत्याच ठिकाणी पुन्हा जुळतात. म्हणून इकडे सरळ बसणारा केस आंबा घाट उतरला की वळू लागतो आणि मुळात कुरळा असलेला फुलून येतो. लग्नासाठी गरम इस्त्रीने केस सरळ करून कोकणात जाणाऱ्या मुलींनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या इस्त्रीचा खर्च पहिल्या संध्याकाळीच हवेत जातो. सैल वेणी घालावी, हे उत्तम.

खरा प्रश्न आहे ओल्या केसांचा. आपल्याकडची रीत अशी की प्रवासाच्या दिवशी पहाटे चारला उठून डोक्यावरून न्हायचे, ओल्या केसांचा अंबाडा घालायचा, त्यावर गजरा, गजऱ्यावर पदर आणि सहाची एसटी गाठायची. संध्याकाळी मुक्कामी पोहोचून अंबाडा सोडला तर आतले केस अजून ओलेच! दहा-बारा तास उबदार, ओलसर, झाकलेली जागा मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवे? डोक्याला येणारा आंबूस वास हा तिचाच आणि जंतूंचा प्रताप असतो. काही स्त्रियांच्या केसांवर मधेच बारीक, मऊ, पांढरट गाठी दिसतात. त्यांना लिखा समजून औषधे लावली जातात; पण लिख घट्ट चिकटलेली असते, चिमटीने सहज सरकत नाही. या गाठी ओढल्या की सुटून येतात. ओले केस वारंवार बांधून ठेवण्याने होणारी ही केसावरची बुरशी आहे आणि तिला उवांचे औषध लागू पडत नाही.

म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी न्हावे आणि केस पूर्ण वाळवून निघावे. तिकडे गेल्यावर पहाटेचे न्हाणे सोडावे, रात्रीचे तर मुळीच करू नये. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे ते खारे वारे. ते दुपारकडे जोर धरतात. सकाळी दहा-अकराला न्हाऊन पडवीत, वाऱ्याच्या तोंडावर केस मोकळे सोडून बसावे. जाड टर्किश टॉवेलपेक्षा आपला जुना सुती पंचा चांगला. त्याने केस खसाखसा न चोळता दाबून टिपावेत, पंचा ओला झाला की दुसरा घ्यावा. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, तेव्हा बारीक फणी त्यावर चालवू नये. मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत यावे. वाळले की नाही हे केसांच्या टोकांवरून ठरवू नये. मानेच्या वर, मुळाशी बोटे घालून पाहावे.

इकडे आठवड्यातून एकदा न्हाणे पुरते. तिकडे घाम येणाऱ्याने दर दोन-तीन दिवसांनी न्हावे, मात्र दरवेळी भरपूर शाम्पू नको. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका केसांवर बसतो. मऊ पाण्यात निम्म्या शाम्पूत काम होते. तेव्हा मानवत नसलेले पाणी कुठले, हे ज्याचे त्याने ठरवावे! शिकेकाई वापरणाऱ्यांनी ती गाळून घ्यावी. तिचा रवाळ भाग मुळाशी अडकून खाज आणतो.

आता तेल. या बाबतीत माझे आणि बहुतेक घरांतल्या आजीबाईंचे जमत नाही. नात सुट्टीला आली की पहिल्याच दिवशी वाटीभर ताजे खोबरेल तिच्या टाळूवर थापले जाते. खोबरेल वाईट नाही. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसाच्या आत शिरून धुण्यामुळे होणारी प्रथिनांची झीज कमी करण्यात एकटे खोबरेलच सरस ठरले. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचे होते हे खरे. पण निष्कर्ष केसाच्या रसायनाशी जुळणारा आहे. मात्र फायदा झाला तो केसाला, डोक्याच्या कातडीला नव्हे. दमट हवेत कातडीवर थापलेले तेल, घाम आणि रस्त्याची धूळ यांचा लेप होतो. त्याने केसांची मुळे बुजतात, केसतूड उठतात, आणि ज्यांना कोंडा आहे त्यांचा कोंडा वाढतो. कोंड्यातली बुरशी तेलकट पदार्थांवरच जगते, तेव्हा कोंड्यावर तेल चोळणे म्हणजे तिला पंगत वाढणे होय. खोबरेल न्हाण्यापूर्वी तास-दोन तास केसांच्या लांबीला लावावे आणि धुऊन टाकावे. आजींचे मन मोडायला नको आणि डोकेही स्वच्छ राहते. कोंडा जास्त असेल तर किटोकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर तीन ते पाच मिनिटे ठेवून, दोन ते चार आठवडे वापरावा.

केसतूड पिळू नये. ताप आला, मानेला गाठी आल्या किंवा रुग्णाला मधुमेह असेल तर तिकडच्याच डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, गावी परतण्याची वाट पाहू नये.

समुद्रात डुंबणाऱ्यांसाठी दोन शब्द. जाडे मीठ पावसाळ्यात पाझरते हे गृहिणींना ठाऊक आहे. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून न धुतलेले केस रात्रीपर्यंत चिकटच राहतात. आधी गोड्या पाण्याने केस भिजवून मग समुद्रात जावे, म्हणजे खारे पाणी कमी शोषले जाते. बाहेर आल्यावर पुन्हा गोड्या पाण्याने धुवावेत.

सर्वांत महत्त्वाचे राहिले आहे ते उवांचे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती डोक्याला डोके लागूनच एकाकडून दुसरीकडे जाते. लग्नघरात एका सतरंजीवर पंधरा मुली झोपतात, तिथे तिला फार चालावेही लागत नाही. घामाने किंवा अस्वच्छतेने उवा "तयार" होत नाहीत, तेव्हा मुलीला किंवा तिच्या मावशी-आत्याच्या घराला नावे ठेवू नयेत.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी रात्री माझ्याकडे आणली गेली. तोंडातून लाळ गळत होती, उलट्या, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरता. घरचे म्हणाले, उन्हाचे झाले असेल. खोदून विचारल्यावर कळले की कोकणातल्या लग्नाहून आलेल्या उवांसाठी संध्याकाळी घरातल्या कुणी कपाशीवर फवारायचे औषध तिच्या डोक्याला चोळून वर फडके बांधले होते. ही विषे कातडीतून रक्तात जातात आणि डोके खाजवून सोललेले असेल तर अधिकच वेगाने. वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यामुळे ती वाचली. प्रत्येक मुलगी वाचेलच असे नाही. शेतीचे औषध, ढेकणांचे औषध, झुरळांचा फवारा यांतले काहीही डोक्याला लावू नये. रॉकेलही नको, त्याने कातडी भाजते आणि जवळ चूल किंवा दिवा असेल तर काय होते हे सांगायला नको. असे काही लावले गेलेच असेल तर हातांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मुलीचे कपडे काढावेत, डोके व अंग साबणाने भरपूर धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. घरगुती उतारा शोधण्यात एक मिनिटही घालवू नये.

उवांवरचा उपाय साधा आहे. पर्मेथ्रिन १ टक्का असलेले औषध धुऊन टिपलेल्या केसांना मुळापासून लावून दहा मिनिटांनी धुवावे. दोन वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच. लिखेतून पिल्लू आठ-दहा दिवसांत बाहेर पडते आणि औषध सगळ्या लिखा मारत नाही, म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा लावणे भागच आहे. "औषध लावले तरी पुन्हा झाल्या" म्हणणाऱ्या बहुतेकांचा हा दुसरा हप्ता चुकलेला असतो. ज्यांना औषध नको त्यांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढून, मग उवांच्या फणीने बटाबटांनी विंचरावे. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. केस ओले असताना फणी चालवायची ती एवढ्या एका कामापुरती. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासावीत. ज्यांच्या डोक्यात उवा सापडतील त्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यावेत.

लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, खवले सुटणारा गोल चट्टा दिसला तर तो बहुधा नायटा. चाई पडलेली जागा गुळगुळीत असते, नायट्याची खरखरीत. डोक्यावरच्या नायट्याला नुसते मलम पुरत नाही, पोटातून काही आठवडे औषध लागते. दुकानात मागताच मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे तर त्याला खतच घालतात. कधी त्या जागी पू भरल्यासारखी मऊ गाठ येते. तिला चीर देऊ नये.

एका भगिनीने लिहिले आहे की परत आल्यावर मूठभर केस गेले. प्रवासात चार दिवस वेणी सोडली नाही तर रोज गळणारे ५० ते १०० केस वेणीतच अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हाती येतात. हिशेब तोच असतो. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात ते निराळे. तशी गळती महिन्याहून अधिक टिकली तर रक्त तपासून घ्यावे.

चौथ्या पत्रात एका आईने विचारले आहे की कोकणात जाण्यापूर्वी बारा वर्षांच्या मुलीचे लांब केस कापून टाकावेत का. मुलगी रडते आहे. कापू नयेत. प्रत्येकीचा कंगवा वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, झोपताना वेणी घातलेली, एवढे सांभाळले तर लांब केसांनी काही बिघडत नाही. परतल्याच्या दिवशी कानामागे आणि मानेवर फणी फिरवून पाहावे, काही दिसले नाही तरी दहा दिवसांनी पुन्हा पाहावे. उवा निघाल्याच तर पहिला उपचार झाल्यावर तिला शाळेत बसू द्यायला हरकत नाही. वर्गशिक्षिकांनीही अशा मुलीला घरी धाडू नये किंवा वेगळ्या बाकावर बसवू नये.