पिलांखाली काय अंथरावे?



आपल्या गावात बहुतेक घरी कोंबड्या आहेत. कोंबडीला काय खायला घालावे हे सर्वांना ठाऊक असते. पण तिची पिले कशावर झोपतात, तिकडे कोणी बघत नाही. मीही बघितले नव्हते. त्यामुळे माझे एक पिलू मेले. ते का मेले याची मी माहिती गोळा केली. तीच इथे लिहीत आहे.

काय घडले?

आमची कोंबडी १३ अंड्यांवर बसली होती. २१ व्या दिवशी ११ पिले निघाली. तिसऱ्या रात्री बोक्याने कोंबडीच नेली. मी पिलांना खोक्यात ठेवले आणि खाली घरातला कापूस अंथरला. आपण वऱ्हाडातली माणसे, आपल्याला कापसाची काय वाण! मला वाटले, मऊ आहे, ऊब राहील. सकाळी बघते तर काय, एका पिलाच्या पायाला तंतूचा पीळ बसलेला. पाय सुजून काळा पडला होता. आजीने कात्रीने तंतू कापले. ती म्हणाली, "पोरी, कापूस मऊ असते, पण पिलाले त्याचा फास होते." दुसऱ्या दिवशी पिलू गेले.

मग मी वर्तमानपत्राचा कागद टाकला. त्यावर पिलांचे पाय घसरू लागले. एका पिलाचे दोन्ही पाय बाजूला फाकले. तेव्हा मात्र मी घाबरले आणि गुरुजींना विचारले.

अंथरुणाची कामे तीन

(१) विष्ठेतला आणि सांडलेल्या पाण्याचा ओलावा शोषणे.
(२) जमिनीचा गारठा अडवणे.
(३) पायाला पकड देणे.

शिवाय पिलू प्रत्येक वस्तूला चोच मारते. म्हणून अंथरूण पोटात गेले, नाकात गेले तरी अपाय होऊ नये.

कोणती वस्तू कशी?

कापूस : पायाला, मानेला गुंडाळतो. वापरू नये.

नुसता कागद : गुळगुळीत असतो, लवकर ओला होतो. पहिले दोन-तीन दिवस भुशावर खरबरीत कागद टाकतात, तो पिलांनी भुसा खाऊ नये म्हणून. तो रोज बदलावा.

आरागिरणीचा बारीक भुसा : डोळ्यात, नाकात जातो. पिले दाणा समजून खातात. लहान पिलांना नको.

रंध्याची सालपटे : सुताराकडे, म्हणजे आपल्या वाढयाकडे मिळतात. ओलावा शोषतात, पकड देतात. चांगली. पण रंग किंवा पॉलिश लावलेल्या लाकडाची घेऊ नयेत.

भुईमुगाची टरफले, धानाचा कोंडा : कोरडे व स्वच्छ असतील तर चांगले.

तुरीचे, सोयाबीनचे कुटार : घरचे असते, फुकट मिळते. पण पावसात भिजलेल्या ढिगातले नको. त्याला बुरशी येते.

पोते : धान्याचे, धुतलेले चालेल. सुटलेले धागे आधी कापावेत. औषध लावलेल्या बियाण्याची, खताची किंवा फवारणीच्या औषधाची पिशवी कधीही वापरू नये. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली, काही दगावलेही. मोठ्या माणसाचे असे होते, तर मुठीएवढ्या पिलाचे काय?

ओलावा हा मोठा शत्रू

अंथरूण २ ते ३ इंच जाड असावे आणि रोज वरखाली करावे. ओल्या अंथरुणात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. बुरशीचे कण श्वासात गेले की पिले तोंड उघडून धापा टाकतात. विष्ठा सडली की अमोनिया वायू निघतो. खोक्याजवळ वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर पिलांना दिवसभर तेच होते असे समजावे.

सोपी परीक्षा : मूठभर अंथरूण घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे, बदला. थोडे चिकटून लगेच मोकळे झाले तर ठीक. नुसती धूळ उडाली तर फार कोरडे आहे. (नंतर हात साबणाने धुवा.)

पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. दिव्याखाली ती एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते, आणि दूर पळाली तर गरम होते.

इतर प्राण्यांचे काय?

शहरात काही मुले गिनीपिग पाळतात. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याची फुप्फुसे नाजूक असतात. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा त्याला सोसत नाही. त्याला कोरडे गवत लागते, कारण तो अंथरूणही खातो! म्हणजे नियम तोच : कोरडे, बिनधुळीचे, बिनविषारी आणि पायात न गुंतणारे.

पिले आजारी दिसली तर घरगुती उपायात दिवस घालवू नये, जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

माझी उरलेली १० पिले आता सालपटांवर आहेत. पाय फाकलेले पिलूही चालते, थोडे लंगडते. आजी त्याला "माह्या लंगड्या" म्हणते आणि पहिला दाणा त्यालाच टाकते.

आज घरी जाऊन एवढे करा : खुराड्यात हात घाला, मूठ दाबून बघा आणि उद्या वर्गात सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी