‘लेट’ ह्या इंग्रजी शब्दाविषयीं

आमच्याजवळ इंग्रजी शिकणाऱ्या एका तरुण उपदेशकानें रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय जुन्या इंग्रजी बायबलांत वाचून आम्हांस विचारिलें, “पौलाला रोमास जाण्याची मोकळीक होती असें तेराव्या वचनांत आहे, मग तो गेला कां नाहीं?” त्या वचनांत ‘लेट’ हा शब्द आहे, व ‘लेट’ म्हणजे परवानगी देणें, एवढेंच तो शाळेंत शिकला होता. मराठी शास्त्रांत पाहतों तों अगदीं उलट. पौलाला अडथळा झाला, असें आहे. तेव्हां मराठी भाषांतर करणारे चुकले, असें त्यानें ठरवूनच टाकिलें होतें!

वस्तुतः हे मूळचे दोन निरनिराळे शब्द आहेत. प्राचीन इंग्रजींत त्यांचे उच्चारही वेगळे होते. एकाचा अर्थ सोडणें, होऊं देणें, व दुसऱ्याचा खोळंबविणें. पुढें उच्चार झिजून दोन्ही एकरूप झाले. आपणांतही ‘तो माळ’ म्हणजे उजाड रान व ‘ती माळ’ म्हणजे हार. पण आपणांस लिंगावरून भेद कळतो, इंग्रजी वाचकास तो आधार नाहीं. गाडी ‘लेट’ झाली असें आपण म्हणतों, तो दीर्घ उच्चाराचा इंग्रजी शब्द ह्या दुसऱ्याचाच सोयरा आहे. ज्याला अडविलें त्याला उशीर व्हावयाचाच.

१६११ सालीं तें बायबल छापलें तेव्हां दोन्ही अर्थ प्रचारांत होते. थेस्सलनीकाकरांस दुसरें पत्र २:७ येथेंही अडविण्याचाच अर्थ आहे. १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारांत ह्या दोन्ही ठिकाणीं अडविण्याचे स्पष्ट शब्द घातले. आज हा अर्थ क्वचित् उरला आहे. टेनिसच्या खेळांत पहिला चेंडू जाळीला लागून पलीकडे बरोबर पडला, तर ‘लेट’ म्हणून तो पुन्हां मारितात. आपल्या भारतीय पासपोर्टावरील इंग्रजी विनंतींतही तो आहे. ह्या मनुष्यास अडथळ्यावांचून जाऊं द्यावें, अशी ती विनंती.

पहिल्या शब्दाचा पसारा मात्र मोठा. घरावर ‘टु लेट’ अशी पाटी असली तर तें भाड्यानें द्यावयाचें असतें. पुढें ‘ऑफ’ लागलें कीं अपराध्यास सोडून देणें, किंवा बंदूक उडविणें. ‘डाउन’ लागलें कीं खालीं सोडणें, अथवा ऐन वेळीं दगा देणें. उत्पत्तीच्या आरंभीं प्रकाशाविषयीं जें वचन आहे, तेथेंही इंग्रजींत ‘लेट’ आहे. पण तेथें देव कोणाजवळ परवानगी मागत नाहीं, तो आज्ञा करितो. मराठींत हें काम क्रियापदाचें रूपच करितें, म्हणून आपणांस निराळा शब्द लागत नाहीं.

पुढल्या आठवड्यांत तो तरुण जुन्या बायबलांतून यशया ४३:१३ काढून घेऊन आला. तेथेंही ‘लेट’ आहे. ह्या वेळीं त्यानें आधीं मराठी शास्त्र उघडिलें होतें.