डोंगरकड्याचे कोड जुळवताना

अगं, सकाळी फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, त्या कोडच्या यादीनं छळलंय तुला. आधी चहा घे. मग एक्सेल उघड.

बघ, आपलं डोंगरकडा गाव जागचं हललं नाही, कागदावरचे नंबर तेवढे बदलत गेले. १९९१च्या जनगणनेत आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा झाला. २००१ला हिंगोलीचा कोड १६, २०११ला ५१२. गावांचे आठ अंकी कोड सहा अंकी झाले. त्यात एलजीडी, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी, आली. तिथं गावाचा कोड बहुतेक ठिकाणी २०११चाच असतो, पण ग्रामपंचायतीचा निराळा. गट ग्रामपंचायतीत एका कोडखाली दोन-तीन गावं येतात, तिथंच तू अडकली असशील.

खरं सांगू का, नाव बदलणं वेगळं आणि वाटणी वेगळी. लग्नानंतर आडनाव बदललं तरी बाई तीच ना? २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी २०११च्या यादीतला ५१५ त्याचाच. नाव दुरुस्त कर, नंबरला हात लावू नकोस. वाटणीत मात्र भांडं न् भांडं मोजावं लागतं. १९९१च्या परभणीत आपले तालुकेही धरलेत. तो आकडा २००१च्या परभणीशेजारी तसाच मांडलास, तर नसलेली घट दिसेल गं.

मी एकदा जुन्या ओळी पुसून नवे कोड टाकले होते. यादी कशी लख्ख दिसली! चार महिन्यांनी जुन्या तक्त्यातलं एक गाव सापडेना, आणि पंधरा दिवस कागद उपसत बसले. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी जुनी ओळ ठेवतेच. शेजारी रकाने आखते: कधीपासून, कधीपर्यंत, कोणत्या आदेशानं. तूही तसंच कर.

आणि हो, २०११चे आपल्याकडचे तालुक्यांचे कोड शून्यानं सुरू होतात. एक्सेल ते शून्य गिळतं. रकाना आधी टेक्स्ट कर, मगच कोड भर.

आज सगळा जिल्हा घेऊन बसू नकोस. कळमनुरी तालुका तेवढा उरक. जमेल तुला. जे गाव जुळणार नाही त्याच्यापुढं जागा रिकामी सोड, अंदाजानं भरू नकोस. तेवढी नावं संध्याकाळी मला पाठव, तलाठ्यांना विचारून बघू.