मुलांना अंधार बघू द्या

आईबाबांनो, मे सरता सरता तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन भंडारदऱ्याच्या तलावाकाठी तंबूत राहायला जाल. शाळा उघडायला अवकाश असतो, वळवाची एखादी सर पडून गेलेली असते आणि काजवे निघालेले असतात. जरूर जा. माझी विनंती एवढीच, की तिथे मुलांना पोटभर अंधार बघू द्या.

अंधाराची धास्ती खरं तर आपल्यालाच जास्त असते. मूल जरा बिलगलं की आपण लगेच बॅटरी लावतो. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेवढा वेळ मुलाचा हात धरून नुसतं बसा. आधी पाणी आणि डोंगर वेगळे दिसू लागतात, मग समोरच्या हिरड्याच्या फांद्या. 'अजून किती वेळ?' असं ते दहादा विचारेल. विचारू द्या. मग ते झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागतं आणि विचारणं आपसूक थांबतं.

ती लुकलुक म्हणजे काजव्यांच्या नर-मादीची एकमेकांना साद असते, हे मुलांना तिथेच सांगा. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर आयुष्य उरतं ते थोड्याच आठवड्यांचं. त्यात गाडीचे दिवे आणि फ्लॅश पडले की त्यांची चुकामूक होते. एवढं समजलं की लहान मूलसुद्धा काजवा बाटलीत भरायचा हट्ट सोडतं, वर मोठ्यांनाच दिवे विझवायला लावतं. मला मुलांचा हा समजूतदारपणा फार मोलाचा वाटतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र कडक राहा. प्रवरेवर 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय. इथे घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडू शकतं, शिवाय खाली गाळ. पोहता येणाऱ्या मुलालाही उतरू देऊ नका. तंबू काठापासून लांब, उंचवट्यावर लावा. रात्री लघवीला उठलं तर सोबत जा. तेव्हा बॅटरी हवीच, पण झोत पावलापुढे, जमिनीवर. बूट झटकूनच घालायचे, विंचू असतो.

आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून जा. त्या दोन रात्री घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि इतक्या दिव्यांत ना अंधार मिळतो, ना काजवे.