घरातील ब्रॉडबँडची ये-जा : दोष शोधण्याची रीत

कापूस घरी येण्याच्या दिवसांत पुसद तालुक्यातील शेतकऱ्याच्या मागे आता आणखी एक काम लागले आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करण्याची व केंद्रावर माल आणण्याचा दिवसही त्यावरूनच ठरविण्याची पद्धत सुरू केली. कागदपत्रांची छायाचित्रे चढवावयाची, मोबाईलवर आलेला ओटीपी मुदतीत भरावयाचा, आणि नेमके त्याच वेळी घरातील नेट जाते. अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. पीकविमा व महाडीबीटी यांच्या अर्जांचीही शेवटच्या दिवसांत हीच गत होते.

जोडणी कायमची बंद पडली तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. ती दिवसातून चार वेळा जाऊन आपोआप परत येऊ लागली म्हणजे मात्र माणूस गोंधळतो. तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा सर्व सुरळीत असते. तो फाटकाबाहेर पडला की पुन्हा तक्रार सुरू. मग कोणी राऊटर बदलतो, कोणी कंपनी बदलतो, आणि कित्येकदा दोष जागच्या जागी राहतो. कपाशीचे झाड माना टाकते तेव्हा ते बुरशीजन्य मर रोगाने, की उघडिपीनंतर पडलेल्या जोरदार पावसामुळे आलेल्या आकस्मिक मरने, हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी औषध ओतीत नाही. लक्षण एक, कारणे निराळी. येथेही तसेच आहे.

प्रथम नेट कोणत्या वाटेने घरात येते ते ध्यानात घ्यावे. दूरसंचार केंद्रापासून प्रकाशतंतू, ज्यास सर्वत्र फायबर म्हणतात, तो खांबांवरून किंवा जमिनीखालून वस्तीपर्यंत येतो. वाटेत एका तंतूतील प्रकाश विभाजकाने अनेक घरांत वाटला जातो; बत्तीस घरांना एक तंतू ही सामान्य गोष्ट आहे. घरातील डबी त्या प्रकाशाचे विद्युत्-संदेशात रूपांतर करते. डबीतून पुढे वायफायने, म्हणजे रेडिओलहरींनी, संदेश मोबाईलपर्यंत जातो. अशा रीतीने वाटेचे तीन टप्पे पडतात : मोबाईल ते डबी, स्वतः डबी व तिचा वीजपुरवठा, आणि डबी ते केंद्र. दोष कोणत्या टप्प्यात आहे एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

ते कळण्यासाठी एक वही पुरते. आठ दिवस, नेट जाईल त्या त्या वेळी, तारीख, वेळ, डबीवरील दिव्यांची स्थिती, हवामान व त्या क्षणी घरात काय चालू होते एवढे लिहावे. हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून सहसा कोणी करीत नाही. परंतु ये-जा करणाऱ्या दोषाचा माग याच्याइतका स्वस्तात दुसऱ्या कशाने लागत नाही. नोंदी चालू असताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. राऊटरची जागा, वायर व अडॅप्टर एकाच दिवशी बदलल्यास गुण कशाने आला हे कधीच समजणार नाही.

दिव्यांची भाषा थोडी शिकून घ्यावी. एल-ओ-एस अक्षरांजवळील दिवा तांबडा झाला तर बाहेरून प्रकाश येत नाही, म्हणजे दोष तंतूत आहे. पी-ओ-एन हा दिवा स्थिर असावा. तो लुकलुकत असेल तर डबी केंद्राशी संबंध जोडण्याच्या खटपटीत आहे असे समजावे. पी-ओ-एन स्थिर, परंतु इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा तांबडा असेल, तर तंतू ठीक असून अडचण कंपनीच्या यंत्रणेत किंवा भरणा संपण्यात आहे. सर्वच दिवे एकदम विझून पुन्हा क्रमाने लागत असतील तर डबीची वीज तुटत आहे. आणि सर्व दिवे ठीक असूनही मोबाईलवर नेट नसेल तर वायफायकडे पाहावे.

वायफायचा दोष ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे संगणक वायरीने थेट डबीस जोडून पाहणे. वायरीवर नेट टिकते आणि वायफायवर तुटते, तर बाहेरच्या तारांना दोष देण्यात अर्थ नाही. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊनही हे तपासता येते. आधी डबीच्या पत्त्यावर (तो बहुधा तिच्या तळाशी छापलेला असतो, पुष्कळ ठिकाणी १९२.१६८.१.१) व नंतर बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग करावे. अंक इंग्रजीत टंकावेत. डबीकडून उत्तर अखंड येते आणि बाहेरचे मध्येच थांबते, याचा अर्थ मोबाईल ते डबी हा टप्पा निर्दोष आहे.

गावाकडील घरांत वायफाय अडते ते मुख्यतः डबी ठेवण्याच्या जागेमुळे. धान्याची पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट, दगडमातीची जाड भिंत यांच्याआड डबी ठेवल्यास लहरी क्षीण होतात. डबी घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी असावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोचतात, पण शेजाऱ्यांच्या लहरींशी त्यांची गर्दी होते. त्यांच्यासाठी १, ६ व ११ यांपैकी मोकळी वाहिनी निवडावी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर हार खाणाऱ्या असतात. नेट मंद होणे व नेट तुटणे यांतही भेद करावा. ठरलेला डेटा संपल्यावर वेग उतरतो, त्यास बिघाड म्हणत नाहीत.

आता विजेकडे वळावे, कारण ग्रामीण भागात पुष्कळ दोष येथेच दडलेले असतात आणि याच ठिकाणी सर्वांत कमी पाहिले जाते. समजा, शेतातील एका घराच्या वहीत असे दिसले की नेट रोज सकाळी सहाच्या सुमारास व सायंकाळी विहिरीवरील मोटार सुरू करताना जाते, त्या वेळी डबीचे सर्व दिवे विझतात आणि दोन-तीन मिनिटांनी पूर्ववत होतात. मोटार सुरू होताना ती आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर ओढते, त्यामुळे घरातील दाब खाली येतो. पण विचार येथेच थांबवू नये. चांगल्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. दिवा किंचित मंद झाला म्हणून त्याने डबी बंद पडू देता कामा नये. बल्ब नुसता मंद होतो आणि डबी मात्र विझते, तर अडॅप्टर जुना होऊन कमजोर झाला आहे किंवा सॉकेटमध्ये तो ढिला बसतो, असा संशय घ्यावा. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, बहुधा १२, असावेत; अँपिअर जुन्याएवढे किंवा जास्त, कमी कदापि नसावेत; आणि पिनेची ध्रुवता तीच असावी. डबीसाठी मिळणारा १२ व्होल्टचा लहान बॅटरीसंच जोडल्यास वीज गेल्यावरही काही काळ काम निभते. मात्र कमजोर अडॅप्टर झाकण्यासाठी त्याचा उपयोग करू नये.

उन्हाळ्यात दुपारीच नेट जात असेल तर डबीस हात लावून पाहावा. पुष्कळ डब्या ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेल्या असतात, आणि विदर्भातील मे महिन्यात टिनाच्या छपराखालील तापमान त्याहून कितीतरी अधिक चढते. डबी छपरापासून खाली आणावी व तिच्यावर कापड झाकू नये.

वाऱ्यापावसात जाणारे नेट मात्र बाहेरच्या तंतूकडे बोट दाखविते. निंबाची फांदी तारेवर घासते, वानरे तारेला लोंबकळतात, खारी व घुशी वेष्टण कुरतडतात, जोडपेटीत पाणी शिरते. तंतू अगदी तुटण्याची गरज नाही. खिडकीच्या चौकटीत तो काटकोनात दाबला गेला तरी प्रकाश गळतो. म्हणून घरातील तंतूची वळणे ऐसपैस ठेवावीत, खिळ्यास त्याची घट्ट गाठ मारू नये. तंत्रज्ञ आला म्हणजे त्यास प्रकाशाची शक्ती मोजून आकडा सांगण्यास सांगावे. हा आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २३ च्या आसपास असल्यास काळजी नाही. उणे २७ च्या घरात गेला तर जोडणी सीमेवर आहे आणि थोडी ओल किंवा ताणही तिला पुरतो. प्रत्येक तीन डेसिबलच्या घटीस प्रकाश निम्मा होतो हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा फरकाचे महत्त्व समजेल. तंतूचे टोक स्वतः उघडू नये व त्यात डोळा लावून तर मुळीच पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण इजा करू शकतो. जेथे अजून तांब्याची जुनी तार आहे तेथे गंजलेले सांधे हेच पहिले संशयित समजावेत.

मृगाच्या विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढावा. काचेचा तंतू वीज वाहत नाही हे खरे. परंतु त्यास आधार देणारी पोलादी तार व घरातील विजेची जोडणी वाहतात.

एकाच वेळी शेजारच्या पाच-सहा घरांचे नेट जात असेल तर स्वतःच्या घरात शोध करण्यात वेळ दवडू नये. रस्ता किंवा नालीच्या खोदकामात केबल तुटणे ही नित्याची बाब झाली आहे. यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने त्यावर आधी सूचना दिली की तेथे केबल असणाऱ्या कंपन्यांना ती कळते. ग्रामपंचायतीने कंत्राटदारास जेसीबी लावण्यापूर्वी याची आठवण द्यावी. हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सहज करता येईल.

तक्रार नोंदविताना “नेट नीट चालत नाही” एवढेच सांगू नये. “गेल्या आठ दिवसांत अकरा वेळा तुटले, त्यांपैकी नऊ वेळा पाऊस चालू होता, प्रत्येक वेळी एल-ओ-एस तांबडा होता, वायरीवरही हाच अनुभव” असे सांगितल्यास तंत्रज्ञ राऊटरऐवजी थेट खांबाकडे जातो. तक्रार क्रमांक मागून वहीत लिहावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्रात समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे हा क्रमांक लागतो. मुदतीचा अर्ज मात्र दुरुस्तीवर अवलंबून ठेवू नये. मोबाईल डेटावर किंवा गावातील सेवा केंद्रात जाऊन तो आधी भरून टाकावा.

दुरुस्तीनंतरही वही आणखी आठ दिवस चालू ठेवावी. त्यात निदान एक जोराचा पाऊस आणि मोटार सुरू केल्याच्या चार-पाच वेळा आलेल्या असाव्यात. तंत्रज्ञाने मोजलेला प्रकाशशक्तीचा आकडा तारखेसह चिठ्ठीवर लिहून डबीच्या पाठीस चिकटवावा, म्हणजे पुढील पावसाळ्यात तो किती उतरला हे ताबडतोब पडताळता येईल.